एकही वीट न फोडता

विटेचे बांधकाम म्हटले की वीट फोडणे आलेच. कोपरा जुळवायचा असो की खिडकीची चौकट बसवायची असो, गवंडी करणीच्या फटक्यात अर्धी किंवा पाऊण वीट काढतो आणि थर पुरा करतो. दक्षिण स्वीडनमधल्या क्लिपान गावी १९६३ ते १९६६ या काळात सेंट पीटर चर्च उभे राहिले, तिथे मात्र एकही वीट फोडायची नाही असा दंडक होता. तो घालणारे वास्तुरचनाकार सिगुर्ड लेवेरेंट्झ तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

लेवेरेंट्झ यांचा जन्म १८८५ चा. शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे. वास्तुकलेकडे ते नंतर वळले. १९१५ मध्ये गुन्नार आस्प्लुंड यांच्यासह त्यांनी स्टॉकहोमच्या नव्या दफनभूमीची स्पर्धा जिंकली. पाइनच्या जंगलात वसलेली ही वुडलँड दफनभूमी १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथले पुनरुत्थान चॅपेल लेवेरेंट्झ यांचे, १९२५ चे. झाडांमधून जाणारी लांबलचक सरळ वाट त्याच्या खांबांच्या देवडीशी येऊन थांबते. शोकाकुल माणसे उत्तरेकडून आत शिरतात आणि विधी आटोपल्यावर पश्चिमेच्या दाराने बाहेर पडतात. आल्या वाटेने त्यांना परतावे लागत नाही. दुःखात असलेल्या माणसाची पावले कुठे वळावीत, याचा इतका बारीक विचार त्या आराखड्यात आहे.

पुढे १९३५ च्या सुमारास या दफनभूमीचे मुख्य काम एकट्या आस्प्लुंड यांच्याकडे गेले आणि लेवेरेंट्झ बाजूला पडले. माल्मो शहराच्या पूर्व दफनभूमीचे काम तेवढे १९१६ पासून म्हातारपणापर्यंत चालू राहिले. मधल्या काळात ते एस्किल्स्टुना इथे धातूच्या खिडक्या-दारांचा कारखाना चालवत. मागे पडल्यासारख्या वाटणाऱ्या या वर्षांत लोखंड, काच आणि सांधे त्यांच्या हाताखालून गेले. पुढे बांधलेल्या दोन चर्चमध्ये ते ज्ञान कामी आले.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांना स्टॉकहोमच्या ब्योर्कहागेन भागातल्या सेंट मार्क चर्चचे काम मिळाले. बर्च झाडांमधली ही गडद विटांची वास्तू १९६० मध्ये पुरी झाली. क्लिपानला त्यांनी विटेच्या बांधकामाचा हाच विचार टोकापर्यंत नेला. इथे भिंती विटेच्या, जमीन विटेची, छताच्या कमानी विटेच्या, वेदीसुद्धा विटेचीच. वीट फोडायची नाही म्हटल्यावर फरक जिरवायचा कुठे? विटांमधल्या दरजांमध्ये. म्हणून कुठे दरज बोटभर, तर कुठे चांगलीच रुंद झाली. एरवी नजरेआड राहणारा दरजांमधला मसाला इथे विटेच्या बरोबरीने भिंत घडवतो. ही कसरत कागदावर सुटणारी नव्हती. म्हातारे लेवेरेंट्झ बांधकामावर उभे राहत आणि गवंड्यांशी बोलून जागच्या जागी निर्णय घेत.

खिडक्यांना चौकटी नाहीत. भिंतीतल्या भोकावर बाहेरून काच टेकवली आहे आणि ती धातूच्या पकडींनी धरून ठेवली आहे. आतून पाहिले तर काच दिसतच नाही, नुसता उजेड दिसतो. तोही मोजका, त्यामुळे आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. चौरस सभागृहाच्या मधोमध पोलादाचा इंग्रजी टी अक्षरासारखा खांब छत पेलतो. तो आधारही आहे आणि क्रूसही. बाप्तिस्म्याचे पाणी एका प्रचंड शिंपल्यात असते आणि त्यातून थेंब थेंब जमिनीतल्या फटीत पडत राहते. वेगळ्या सजावटीची गरजच उरत नाही.

१९७५ मध्ये नव्वदाव्या वर्षी लेवेरेंट्झ गेले. त्यांनी फारशी व्याख्याने दिली नाहीत, फारसे लिहिलेही नाही; तरी क्लिपानची वाट धरणाऱ्या वास्तुरचनाकारांची रीघ चालूच आहे. त्या चर्चमधून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एरवी आराखड्यातली अडचण विटेवर ढकलली जाते आणि वीट तुटते. लेवेरेंट्झ यांनी ती अडचण आराखड्यावर घेतली, स्वतःवर घेतली आणि गवंड्यांनाही त्या विचारात सामील करून घेतले. साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या विटेला एवढा मान दिल्यामुळेच एका छोट्या गावाची प्रार्थनेची जागा विसाव्या शतकातल्या थोर वास्तूंमध्ये गणली जाते.