घराच्या छपराची पारख : उन्हाळ्याचा ताप, विजेचें बिल व सरकारी अनुदान

पीक घेण्यापूर्वीं माती तपासून घ्यावी, ही गोष्ट आतां जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील बागाईतदारांस निराळी सांगावी लागत नाहीं. परंतु ज्या घरावर आयुष्यभराची पुंजी खर्ची पडते, त्याचें छप्पर उन्हाळ्यांत किती ताप आंत सोडतें, याची पारख मात्र क्वचितच कोणी करतो. खोली तापली कीं पंखा, पंखा पुरेना कीं कूलर, आणि पुढें बिल हातीं आलें कीं हळहळ, असा क्रम चालू राहतो.

पूर्वीं उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत बाज टाकून निजण्याची रीत होती. त्यामुळें तापलेल्या घराची झळ फारशी लागत नसे. आज जुन्नर वन विभागांत, म्हणजे जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर या तालुक्यांत, बिबट्याचा वावर उसाच्या फडांतून थेट वस्तीपर्यंत आला आहे, व त्यांत माणसेंही बळी पडलीं आहेत. दारें लावून घरांत निजणें भाग झालें आहे. तेव्हां घर थंड असणें ही चैनीची बाब राहिली नसून लहान मुलें, वृद्ध माणसें व बाळंतिणी यांच्या प्रकृतीचा तो प्रश्न झाला आहे.

जुनें घर व नवें घर

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या भिंती दगडमातीच्या व चांगल्या जाड असत. माथ्यावर कौलें व मध्यें माळा असे. कौलांखालीं हवा खेळे, आणि माळ्यावरील हवेचा थर व धान्यकडबा उन्हाचा ताप अडवून धरीत. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यानें ऊस व टोमॅटो यांचा पैसा हातीं आला, आणि माळ्याच्या जागीं काँक्रीटचा स्लॅब किंवा लोखंडी पत्रा आला. दरसाल कौलें चाळण्याचा त्रास वांचला, हा लाभ खरा. परंतु काँक्रीट दिवसभर ऊन पितें आणि सायंकाळनंतर, नेमक्या निजण्याच्या वेळीं, तीच उष्णता खोलींत सोडूं लागतें. पत्र्याचें उलट आहे. तो रात्रीं लवकर निवतो, पण दुपारीं घराची भट्टी करतो.

हा ताप मोजतां येतो. छपराच्या एक चौरस मीटर भागांतून, बाहेरील व आंतील पृष्ठभागांकडील उष्णतामानांत एक अंशाचा फरक असतां, किती वॅट उष्णता आंत जाते, हें त्याचें माप. साध्या स्लॅबचें हें माप सुमारें ३ पेक्षां थोडें अधिक भरतें. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २०१८ सालीं काढलेल्या ‘इको-निवास संहिते’त निवासी इमारतीच्या छपरास १.२ ही कमाल मर्यादा घातली आहे. आतां २५ चौरस मीटरचें छप्पर घेऊं व फरक २० अंशांचा धरूं. साध्या स्लॅबमधून सुमारें १६०० वॅट उष्णता उतरेल. संहितेप्रमाणें बांधलेल्या छपरांतून ६०० वॅट. म्हणजे एक हजार वॅटची इस्त्री दुपारभर घरांत पेटती ठेवण्याइतका हा भेद आहे.

परीक्षा घरच्या घरीं

आयर्लंड देशांत घरास ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत श्रेणी लावण्याची पद्धत आहे. २००७ पासून ती नव्या घरांस लागू झाली, आणि २००९ पासून विक्रीस वा भाड्यानें निघणाऱ्या जुन्या घरांसही. माळ्याला व भिंतींना उष्णतारोधक थर देण्यास तेथें सरकारी अनुदान मिळतें. तो देश थंडीचा, त्यास ऊब राखावयाची आहे, आपणांस ताप अडवावयाचा आहे, तत्त्व एकच. आपल्या देशांतही २०१९ सालीं घरांस तारांकन देण्याची योजना निघाली. तथापि वस्तीवरील घरासाठीं परीक्षकाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुढील चार गोष्टी कोणासही करतां येतील.

१. चैत्र-वैशाखांत आठ दिवस एक तापमापक निजण्याच्या खोलींत व दुसरा बाहेर सावलींत टांगावा. सकाळीं, दुपारीं दोन वाजतां व रात्रीं नऊ वाजतां आंकडे टिपावे. रात्रीं घर बाहेरपेक्षां बरेंच उष्ण राहिलें, तर दोष बहुधा छपराचा समजावा.

२. रात्रीं शिडीवरून स्लॅबला खालून हात लावावा, मग भिंतीला लावावा. छत अधिक ऊन लागल्यास खर्च प्रथम छपरावर करावा.

३. वीजबिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. पौषांतील व वैशाखांतील युनिटांची वजाबाकी करावी. उन्हाळ्यापायीं पडणारा भुर्दंड सुमारें तेवढा.

४. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर सावली पडते कीं नाहीं, व समोरासमोर खिडक्या आहेत कीं नाहींत, तें पाहावें.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. फाल्गुनांत गच्ची झाडून, धुऊन, डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात द्यावे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो. मात्र पावसानें चुना धुपतो, म्हणून हें काम दरसालचें समजावें. कायमचें करावयाचें तर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावे. विटांच्या तुकड्यांचा कोबाही ताप कमी करतो, पण त्याचें वजन मोठें असल्यानें जुन्या स्लॅबवर तो इंजिनिअरास विचारूनच घालावा. पत्र्याच्या घरांत खालून छत करून मध्यें हवेची पोकळी ठेवावी, व ती हवा निघून जाण्यास दोन्ही टोकांस जाळी ठेवावी. गोठ्यावर उसाचें पाचट पसरतात, तें गुरांस सुखावह असतें. परंतु चूल व वीजतारांपासून तें दूर ठेवावें. सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्यांस भोंकें पाडूं नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक आहे. स्वयंपाकघरांतील धूर जाण्याची वाट कोणत्याही कारणास्तव बुजवूं नये.

अनुदानाची गोष्ट

फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत छपरावरील सौर संचास दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये, आणि तीन किलोवॅट वा अधिक संचास ७८ हजार रुपये साहाय्य ठरलें. ग्रामीण घरकुल योजनेंत सपाट प्रदेशांत १ लाख २० हजार रुपये ठरले. परंतु पहिलें अनुदान वीज निर्माण करण्यासाठीं आहे, ताप अडविण्यासाठीं नव्हे. आणि दुसऱ्यांत उष्णतारोधक छपरासाठीं निराळी रक्कम नाहीं. सौर संचाची सावली स्लॅबवर पडून थोडा लाभ होतो, हें खरें. तरी गळक्या पाटांत पाणी वाढविण्यापेक्षां प्रथम पाट लिंपावा. तसेंच प्रथम छप्पर सुधारावें, मग उरलेल्या गरजेपुरता संच घ्यावा.

तेलंगण राज्यानें २०२३ सालीं थंड छपरांचें धोरण जाहीर केलें; अहमदाबादेंत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांस पांढरा लेप देण्याचें काम सुरू झालें. आपल्या वाचकांपैकीं कित्येक जण ग्रामपंचायतींत व सोसायट्यांत कारभार पाहतात. नव्या घरकुलावर निदान चुन्याचा लेप व पत्र्याखालीं छत असावें, एवढी मागणी त्यांनीं ग्रामसभेच्या ठरावानें वर पाठवावी. सालगड्याच्या खोलीवरही तोच सूर्य तळपतो, आणि बिबट्याच्या भीतीनें त्याचेंही दार रात्रीं लागलेलेंच असतें.