परसातले जून मुळे

गेल्या वर्षी भोगीच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. वाईजवळचं आमचं गाव. एसटीतून उतरले, पिशव्या ओट्यावर टेकवल्या आणि सवयीप्रमाणे आधी परसात डोकावले. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते, पण तिचं परस बघून कुणाला तसं वाटायचं नाही. मेथी, पालक, दोन वांगी, कडेला गाजर आणि बीट. मुळा तर असायचाच.

त्या दिवशी मात्र मुळ्याच्या वाफ्यापाशी मी थबकलेच. दंडाएवढे मुळे जमिनीतून डोकं वर काढून उभे होते. निम्म्यांना फुलांचे दांडे आलेले, त्यांवर शेंगाही धरलेल्या. आई लावते तो पुसा चेतकी, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढायला येणारा. तिचा मुळा कधी पन्नाशी पाहत नाही.

"आई, अगं मुळे काढले नाहीस?"

"बियाला ठेवलेत."

"अख्खा वाफा?"

ती काही न बोलता आत गेली. जाताना चौकट धरून उंबरा ओलांडला, तेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

रात्री जेवताना हळूहळू एकेक बाहेर पडलं. मार्गशीर्षात एकदा ती मुळे उपटायला वाफ्यात बसली, आणि उठताच येईना. गुडघ्यांनी दगा दिला. रतिबाचं दूध घालणारा मुलगा येईपर्यंत अर्धा तास तिथेच बसून होती. तेव्हापासून वाफ्यात उतरली नव्हती. आणि मी रोज फोन करत होते! रोज विचारायचे, "कशी आहेस?" रोज उत्तर यायचं, "मला काय धाड भरलीय?" मला रडूच आलं. आई म्हणाली, "रडतेस काय? उद्या ते मुळे उपट. एक पान वाया जाता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मी उपटत होते आणि आई ओट्यावर खुर्ची टाकून सूचना देत होती. जून मुळ्याचं सगळं शास्त्र त्या एका सकाळी मला कळलं.

मुळा हा त्या झाडाचा साठा. वेळेत काढला नाही की झाड फुलावर येतं आणि तोच साठा खर्चून दांडा, फुलं, शेंगा करतं. म्हणून मुळा आतून कापसासारखा पोकळ आणि दोऱ्यांचा होतो. पण सगळेच मुळे एकाच वेळी तसे होत नाहीत. एकेक मधोमध कापून बघायचा. अगदी पोकळ निघाले ते आम्ही शेजारच्या गाईपुढे टाकले. बाकीच्यांचं साल जाडसर काढलं. मुळा मोहरीच्या कुळातला, त्याचा झणका सालीत जास्त असतो. शिजवल्यावर तो बराच उतरतो. त्यामुळे जून मुळा कच्चा कोशिंबिरीत घालू नये, शिजवून खावा.

घट्ट भाग किसला, मीठ लावून दहा मिनिटांनी पिळला. पिळलेलं पाणी ठेवून दिलं. दोन वाट्या किसाला दोन वाट्या भाजणी, तीळ, ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर. भिजवायला तेच पाणी, म्हणून वरून मीठ बेतानंच. लोण्याबरोबर ही थालीपिठं अशी लागली, की जून मुळा आहे हे कुणी ओळखलं नसतं. उरलेल्या फोडी तुरीच्या डाळीत चिंच-गूळ घालून आमटीला गेल्या.

पाल्याचं तंत्र वेगळं. जून पानं खरखरीत, त्यांची लव घशाला टोचते. शेंड्याची कोवळी पानं आईनं वेगळी काढली. मोठ्या पानांचे देठ आणि जाड शिरा ओढून टाकल्या, पानं बारीक चिरली, मीठ चोळून ठेवली आणि पिळली. लसूण-मिरचीची फोडणी, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, डाळ बोटचेपी झाली की पाला. झाकण ठेवून एक वाफ, बस्स. कोवळ्या पानांची पीठ पेरून भाजी झाली. मैत्रिणींनो, मुळ्यापेक्षा त्याच्या पाल्यात कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व जास्त असतं. आणि आपण भाजीवाल्याला सांगतो, "पाला तोडून द्या हो, पिशवीत मावत नाही!"

शेंगा म्हणजे डिंगऱ्या. नखानं टचकन तुटेल तीच डिंगरी घ्यायची, न तुटणारी बियाला. डिंगऱ्या चिरून बटाट्याबरोबर तेलावर परतल्या की झटपट भाजी. माझी गुजराती शेजारीण यांना मोगरी म्हणते आणि दह्यात कालवून रायतं करते. दोन झाडं आईनं खरोखर बियाला ठेवली. तेवढंच तिचं म्हणणं खरं करायला!

बीट आणि गाजरंही जून झाली होतीच. मोठं बीट कुकरला जास्त शिट्ट्या देऊन शिजवावं. त्याचा पाला पालकासारखा करता येतो, मात्र त्यात ऑक्सॅलेट बरंच असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावा. जून गाजर उभं चिरून मधला कडक दांडा काढून टाकावा, बाकीचं गाजर भोगीच्या भाजीत छान शिजतं. गाजराचा कोवळा पाला कोथिंबिरीबरोबर चटणीत वाटावा. पाला कुठलाही असो, पिवळा आणि किडका टाकून द्यायचा, बाकीचा दोन-तीन पाण्यांतून धुवायचा.

दुपारी बाजरीच्या भाकरीचा घास मोडताना आई म्हणाली, "बघ, जून झालं तरी उपयोग असतो." मी म्हटलं, "हो, पण वेळेवर कुणीतरी बघायला हवं ना!" ती गप्प बसली. मीही.

संक्रांत झाल्यावर दादा आणि मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. औषधं आणि व्यायाम सुरू झाले. खाली मांडी घालून बसणं बंद. परस सोडायला ती तयार होईना, आणि आम्हीही तसा आग्रह धरला नाही. दादानं प्लॅस्टिकची पिंपं अर्धी कापली, खाली भोकं पाडली, विटांचे कट्टे रचून त्यांवर ठेवली आणि माती भरली. आता आईचे वाफे कमरेइतके उंच आहेत. उभ्या उभ्या पेरते, उभ्या उभ्या काढते. पहिले आठ दिवस "ही काय शेती झाली?" म्हणून कुरकुरली, नंतर पिंपं कमी पडतात म्हणू लागली.

मी फोन अजून रोज करते. पण "कशी आहेस?" विचारत नाही. विचारते, "आज परसातून काय काढलंस?" परवा म्हणाली, "काही नाही गं, पाय दुखत होता." मी शनिवारची एसटी पकडली.