एका वाड्यांतील दोन कुत्रे

धामणगांव बढे व मोताळा तालुक्यांतील इतर गांवें येथील कास्तकारांस कुत्रा हा हौसेचा प्राणी नसून घरचा बिनपगारी जागल्या आहे. कपाशी, मका, सोयाबीन हीं पिकें उभीं असतां रानडुकरें व रोही वावरांत शिरतात. त्यांची चाहूल मनुष्याच्या आधीं कुत्र्यास लागते. म्हणून वाड्यावर एक व मळ्यावर एक असे दोन कुत्रे पुष्कळ घरीं असतात. पहिला वयस्क झाला म्हणजे त्याच्या हाताखालीं दुसरा तयार व्हावा, या हेतूनेंहि पिलूं आणितात. वर्ष-दीड वर्ष दोघे एका पोत्यावर निजतात. पुढें एके दिवशीं भाकरीच्या तुकड्यावरून दोघांची अशी जुंपते कीं, सोडवावयास गेलेल्या सालदाराचा हात फाटतो. मग घरांत प्रश्न निघतो कीं, दोहोंपैकीं कोणास घालवावें? हा प्रश्न किरकोळ नव्हे. एक गेला तर राखण उणी पडते, आणि दोघे भांडत राहिले तर घरच्या लेंकरांस धोका राहतो.

भांडणाचें मूळ.— आणलेलें पिलूं मोठ्यापुढें लोळण घेतें, व मोठाहि बहुधा त्यास संभाळून घेतो. परंतु नर कुत्रा साधारणतः एक ते तीन वर्षांच्या दरम्यान पुरता वयांत येतो, आणि त्याच सुमारास थोरल्याचें वय उतरूं लागलेलें असतें. अशा वेळीं पूर्वीचा समेट मोडतो. त्यांत भाद्रपद आला व गांवांत माजावर आलेली कुत्री फिरूं लागली म्हणजे शांत नरहि एकमेकांवर गुरगुरतात. पीक हातीं येण्याचा काळ जवळ आलेला असल्यामुळें कास्तकाराची अडचण दुप्पट होते.

एक जुना समज.— ‘एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत’ ही म्हण कुत्र्यांस लावून पुष्कळ लोक म्हणतात कीं, एकजण राजा ठरेपर्यंत दोघांस झुंजूं द्यावें. अथवा मालकानें काठीच्या जोरावर दोघांवर आपलें राज्य बसवावें. या मतास बळकटी मिळाली ती लांडग्यांच्या अभ्यासांतून. रूडॉल्फ शेंकेल यांनीं १९४७ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयांतल्या लांडग्यांविषयीं लिहितांना कळपांतील वरचढ नर व मादी यांचें वर्णन केलें. पण ते लांडगे कोंडलेले होते. अमेरिकेचे डेव्हिड मेच यांनीं कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समियर बेटावर १९८६ पासून मोकळ्या लांडग्यांचें निरीक्षण केलें, व १९९९ सालीं असें मांडलें कीं, रानांतला कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं पिलें यांचें कुटुंब होय. त्यांत गादीसाठीं झुंज क्वचितच होते. तेव्हां कोंडलेल्या लांडग्यांचा नियम घरच्या कुत्र्यांस लावणें योग्य नव्हे. शिवाय दोन कुत्र्यांपैकीं एकच सर्व बाबतींत वरचढ असतो असेंहि नाहीं. एक भाकरीसाठीं अडतो, तर दुसरा उंबऱ्यासाठीं. भांडण पदवीपेक्षां वस्तूवरून अधिक होतें.

व्यवस्था.— हें समजलें म्हणजे उपाय आपोआप सुचतो. दोन बैल एका गव्हाणींत शिंगें मारूं लागले तर शहाणा कास्तकार त्यांस झोडपीत बसत नाहीं; गव्हाणी निराळ्या करतो. तोच न्याय येथें लावावा.

(१) दोघांस एकाच वेळीं, परंतु एकमेकांस न दिसेल अशा दोन जागीं भाकर घालावी. खाणें संपतांच भांडीं उचलावीं. दोघांच्या मध्यें हाड कधींहि टाकूं नये.

(२) निजण्याची जागा, गोणपाट व पाण्याचें भांडें प्रत्येकाचें निराळें असावें.

(३) दार, बोळ व गाडीखालची जागा अशा अरुंद ठिकाणीं भांडणें लौकर पेटतात. तेथून एकेकास नांवानें हाक मारून न्यावें.

(४) एकास साखळीस बांधून दुसरा त्याच्याभोंवतीं मोकळा सोडूं नये. बांधलेल्यास पळण्यास वाट नसते, म्हणून तो आधीं चावतो.

(५) दोन माणसांनीं दोघांस दाव्यावर धरून, प्रथम वीस-पंचवीस पावलांचें अंतर ठेवून, एकाच दिशेनें वावराकडे चालवावें. ते शांत राहतील तसतसें अंतर कमी करावें, व शांतपणाबद्दल दोघांसहि तुकडा द्यावा.

(६) कामें वांटून द्यावींत. वाड्याची राखण एकाकडे, मळ्याची दुसऱ्याकडे.

खुणा.— अंग ताठ होणें, शेपूट उभारणें, पाठीवरचे केस उभे राहणें, टक लावून पाहणें, दुसऱ्याच्या मानेवर मान ठेवणें, ह्या भांडणापूर्वींच्या खुणा होत. त्या दिसतांच हाक मारून एकास दूर न्यावें. जो तोंड फिरवितो व ओठ चाटतो, तो बहुधा भांडण टाळीत असतो. त्यास रागावूं नये. गुरगुरल्याबद्दल तर मुळींच मारूं नये. गुरगुरणें ही पूर्वसूचना आहे. ती बंद पाडली तर कुत्रा सूचना न देतां चावूं लागतो. थोरला कुत्रा एकाएकीं चिडखोर झाला तर त्याचे कान, दांत किंवा सांधे दुखत नाहींत ना, हें पशुवैद्याकडून पाहून घ्यावें.

जुंपल्यावर.— भांडणांत हात घालूं नये. त्या वेळीं कुत्रा धन्यासहि ओळखीत नाहीं. आरडाओरड केल्यानें त्यांस अधिकच चेव येतो. बादलीभर पाणी फेकावें, अंगावर घोंगडी टाकावी, किंवा मध्यें फळी सारावी. मनुष्यास दांत लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी; चुना किंवा तिखट भरूं नये; आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन पिसाळरोगाची लस सुरू करावी. दोन्ही कुत्र्यांस ही लस वेळच्या वेळीं टोंचलेली असावी. कुत्रा दिसेल त्यावर धावूं लागला व लाळ गाळूं लागला, तर तें वर्चस्वाचें भांडण न समजतां पिसाळल्याचा संशय घ्यावा आणि त्याच्या जवळ जाऊं नये.

खच्ची करणें.— गोऱ्हा खच्ची केल्यावर निवतो, हें आपण पाहतोंच. कुत्र्याची नसबंदी केल्यानेंहि भटकणें व इतर नरांशीं भांडणें पुष्कळदां कमी होतें. राखणीची वृत्ति त्यानें नाहींशी होत नाहीं. परंतु अंगीं मुरलेली संवय एकट्या शस्त्रक्रियेनें जात नाहीं. वरील व्यवस्था चालूच ठेवावी लागते. दोहोंपैकीं कोणाची करावी, हें पशुवैद्यास विचारून ठरवावें.

कायमची ताटातूट.— इतकें करूनहि टांके घालण्याजोग्या जखमा होऊं लागल्या, किंवा एक जण भीतीनें खाणें सोडून कोपऱ्यांत दडून बसूं लागला, तर हट्ट धरूं नये. एकास कायम मळ्यावर ठेवावें, अथवा ओळखीच्या कास्तकाराकडे, त्याचा स्वभाव स्पष्ट सांगून, द्यावें. बाजाराच्या गांवीं नेऊन सोडून देणें हें मात्र कृतघ्नपणाचें आहे, व प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें गुन्हाहि आहे. ज्यानें अनेक रात्रीं आपलें पीक राखिलें, त्याची सोय लावणें हें धन्याचेंच काम होय.