मिरजेचा मालधक्का

मिरज स्थानकाच्या मालाच्या आवारात ज्याने एखादी सकाळ घालवली असेल, त्याला रुळांची मापे कोणी समजावून सांगावी लागत नसत. ती तेथे हमालांच्या पाठीवर वाचता येत. १९७१ साली पुण्याहून मिरजेवरून कोल्हापूरला जाणारा लोहमार्ग रुंद झाला, बेळगाव-हुबळीकडचा मीटरमापी राहिला आणि पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातूर गाठणारा बार्शी लाइटचा मार्ग पूर्वीसारखाच अरुंद राहिला. ५ फूट ६ इंच, १ मीटर आणि २ फूट ६ इंच अशी तीन मापे एकाच स्थानकात येऊन भिडली, आणि एका मापावरची वाघीण दुसऱ्या मापावर तसूभरही सरकू शकत नसल्यामुळे या तिठ्यावर मार्ग बदलणारा दाणा न् दाणा खाली उतरवून पुन्हा वर चढवणे क्रमप्राप्त झाले. माझे मामा या आवारात नोंदीचे कारकून होते, आणि शाळेच्या सुट्टीत त्यांचा जेवणाचा डबा पोहोचवण्याच्या निमित्ताने मी या धक्क्यावर जे तासन् तास काढले, त्यांच्या आधारावर हे लिहीत आहे.

ही तीन मापे कोणाच्या लहरीतून निपजलेली नव्हती. डलहौसीच्या अमदानीत रुंद माप मुक्रर झाले ते भक्कमपणासाठी. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत मीटरचे माप पत्करले गेले ते काटकसरीसाठी. आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शीची छोटी रेल्वे सुरू केली ती तर, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, मात्र तो सर्व आसांवर सारखा वाटायचा, या एकाच तत्त्वावर. हलक्या रुळांवरून भरघोस माल नेण्याची ती युक्ती खरोखर अव्वल दर्जाची होती. पंढरपूर, लातूर असे टप्पे घेत ती रेल्वे १९२७ साली मिरजेला पोहोचली. तिन्ही हिशेब आपापल्या जागी बिनचूक होते. परंतु त्या तिन्हींची बेरीज कोणी केलेली नव्हती, आणि ती बेरीज मिरजेच्या धक्क्यावर पोत्यापोत्याने रोज करावी लागे.

धक्का म्हणजे लांबलचक, अरुंद असा दगडी ओटा; त्यावर पत्र्याचे छप्पर; एका अंगाला एका मापाचे रूळ, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचे. वर्णनाला हे सोपे वाटते. परंतु तिन्ही जातींच्या वाघिणींचा तळ रुळापासून सारख्या उंचीवर नसल्यामुळे, ओझे घेतलेल्या माणसाला चढावे किंवा उतरावे लागू नये अशी पातळी दोन्ही बाजूंना साधणे हे बांधणाऱ्याचे खरे कौशल्य असे. दुसरी अडचण लांबीची. वाघिणींच्या लांब्या भिन्न असल्याने पहिल्या दोन वाघिणींची दारे समोरासमोर आणली, तरी पुढे चौथ्या-पाचव्या वाघिणीपाशी ती एकमेकांना चुकत, आणि हमालाला चार पावलांच्या ठिकाणी बारा पावले पडत. मजुरी वजनावर ठरलेली असल्यामुळे ही आठ पावले टोळीच्या हिशेबी फार मोलाची असत, आणि वाघिणी कोठे उभ्या करायच्या यावरून टोळीचा मुकादम आणि शंटिंग करणारे यांच्यात दररोज सकाळी जी वादावादी चाले, तिच्यामागे हे साधे गणित होते.

दार उघडण्यापूर्वी मामा सील पाहत, त्यावरचा क्रमांक वहीत उतरवत, वाघिणीच्या अंगावरील चिठ्ठी वाचत, आणि मगच मान हलवत. त्यानंतर दोन दारांमध्ये लोखंडी फळ्या टाकल्या जात आणि माणसांची एक साखळी सुरू होई. पहिल्या पोत्याला कोणी ‘एक’ म्हणत नसे. धान्य मोजणाऱ्यांच्या शिरस्त्याप्रमाणे ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, मग तीन. तुरीच्या आणि ज्वारीच्या पोत्यांना आकडा लावून ओढलेले चाले. साखरेच्या पोत्याला मात्र आकडा लावायचा नाही, कारण त्या छिद्रातून गळलेली साखर पुढच्या मुक्कामी तूट म्हणून दिसे. गुळाच्या ढेपा बारदानात गुंडाळलेल्या असत, आणि त्या एका हातातून दुसऱ्या हातात अशा अलगद जात, की जणू पाळण्यातले मूलच कोणी दुसऱ्याच्या स्वाधीन करीत आहे. कोळसा पाट्यांनी भरायचा. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे सारखेच काळे दिसत.

खरी परीक्षा भरताना होई. रुंद मापाच्या चारचाकी वाघिणीत वीस-बावीस टन माल सहज येई. बार्शी लाइटच्या चार आसांच्या वाघिणीचे तर स्वतःच्या वजनासह एकूण ओझेच २० टनांच्या आत ठेवावे लागे. एका वाघिणीचा माल त्यामुळे दुसरीत पुरता मावत नसे, उरलेली पोती तिसरीत जात, आणि एकाच पावतीवरचा माल दोन वाघिणींत विभागला गेल्याची नोंद राहिली नाही, तर पंढरपूरच्या किंवा लातूरच्या व्यापाऱ्याला अर्धाच माल मिळे. वजन दोन्ही टोकांना सारखे पडले पाहिजे, मिठाशेजारी साखर येता कामा नये, दारापाशी जागा मोकळी राहिली पाहिजे; हे सारे मुकादम कागदाशिवाय जाणत होता. त्याला अक्षर येत नव्हते. भरलेल्या वाघिणीकडे दुरून पाहून ती कोणत्या अंगाला झुकली आहे हे तो सांगे, आणि त्याचे म्हणणे खोटे ठरल्याचे मला आठवत नाही.

एके संध्याकाळी तुरीचे एक पोते मोजणीत कमी भरले. मामांच्या वहीत पाच-पाच रेघांचे जुडगे असत. त्यांची बेरीज टोळीच्या मोजणीशी जुळेना. मामांनी भरलेली वाघीण रिकामी करवली. कंदिलाच्या उजेडात पुन्हा ‘लाभ’पासून मोजणी झाली, आणि पोती पुरी निघाली; चूक वहीतल्या एका जुडग्यात होती, तेथे एक रेघ जास्त पडली होती. मामांनी ती खोडून बाजूला आपली सही केली, आणि त्या दुबार हमालीचे पैसे स्वतःच्या पगारातून टोळीला दिले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. प्रामाणिकपणावरची व्याख्याने पुढे पुष्कळ ऐकली. त्या सहीइतके मनावर काहीही उमटले नाही.

रात्री आवाराचे रूप पालटे. सांधेवाला हिरवा-तांबडा दिवा घेऊन रुळांच्या जाळ्यातून फिरे. दिव्याच्या हेलकाव्यावर इंजिन मागे येई, थांबे, वाघिणी एकमेकींवर आदळल्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाई. मुघलसरायसारख्या आवारांत उंचवटा बांधलेला असे आणि त्यावरून सोडलेल्या वाघिणी आपल्याच भाराने आपापल्या मार्गावर घरंगळत. मिरजेत ती सोय नव्हती, येथे प्रत्येक वाघीण इंजिनानेच ढकलायची, आणि तीही तीन मापांच्या तीन स्वतंत्र इंजिनांनी.

पुढे नव्वदच्या दशकात बंगळूरकडचा मार्ग रुंद झाला, आणि नव्या शतकाचे पहिले दशक संपता संपता छोट्या रेल्वेची जागाही रुंद रुळांनी घेतली. हे झाले ते योग्यच झाले. क्विंटलभर ओझे पाठीवर घेऊन दिवसातून शंभर वेळा तीच बारा पावले चालणे हे कोणाच्या हळव्या आठवणींसाठी चालू राहावे, असे मला कधीच वाटले नाही. मात्र त्या माणसांना जे ज्ञान होते ते कोणत्याही दफ्तरात लिहिलेले नाही, याची रुखरुख वाटते. मामांची वहीसुद्धा घरात उरलेली नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा कृष्णेचे पाणी मिरजेत रेल्वेच्या टाक्यांमध्ये भरण्यात आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या. प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी या ज्या वाटेने एकेकाळी मामांनी मोजलेली पोती जात, त्याच वाटेने ती गाडी ११ एप्रिलला निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. वाटेत कोठेही माप बदलले नाही, आणि ते पाणी एकदाही उतरवावे लागले नाही.