घर, व्हिसा, मुलांची शाळा आणि एक करार

जानेवारी उजाडला की आखाती देशांतल्या शाळांच्या जाहिराती यायला लागतात. पूर्वी त्या वर्तमानपत्राच्या नोकरीविषयक पानावर चौकटीत येत आणि मुलाखती मुंबईतल्या एखाद्या हॉटेलात होत. आता सगळे संगणकाच्या पडद्यावर उरकते. पण पुण्या-नाशिकच्या किंवा पणजीच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत जी कुजबुज सुरू होते ती जुनीच आहे. पगार किती, हा पहिला प्रश्न. घर देतात का, हा दुसरा. नोकरी गेली तर हातात काय उरते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मी २००६ ते २०२२ अशी सोळा वर्षे दुबईत गणित शिकवले. तिकडे निघालेल्या ओळखीच्या मुली आणि त्यांचे आईवडील अधूनमधून चौकशीला येतात, त्यांना जे सांगते ते जरा सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी ‘इंटरनॅशनल स्कूल’ म्हणजे काय ते पाहू. संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या दर दहा माणसांतली जवळजवळ नऊ बाहेरची. त्यांची मुले खासगी शाळांत जातात आणि या शाळा अभ्यासक्रमावरून ओळखल्या जातात. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. तिथे मुलेही बहुतेक आपलीच, फी कमी आणि शिक्षकांचा पगारही बेताचा. ब्रिटिश, अमेरिकन किंवा आयबी अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेर उघडतात. तिथे एकाच वर्गात पंधरा-पंधरा देशांची मुले असतात आणि फीचे आकडे ऐकून आपल्याला घाम फुटतो. मी होते ती शाळा या दुसऱ्या प्रकारातली.

कागदपत्रांचे सव्यापसव्य थोडक्यात सांगते. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास अशी शिक्क्यांची माळ लागते. पोलिसांचा दाखला लागतो. जो विषय शिकवणार त्याचीच पदवी हवी, आणि दूरस्थ पद्धतीने पदवी घेतलेल्यांची अडचण होते. आता शिक्षकाचा परवानाही काढावा लागतो. हे सगळे वेळखाऊ आहे, पण अवघड नाही.

अवघड आहे तो करार वाचणे. एकूण पगाराच्या आकड्याला भुलू नये, त्यातले मूळ वेतन किती ते पाहावे. तिकडे निवृत्तिवेतन नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, ती मूळ वेतनावर. पहिली पाच वर्षे दर वर्षाला २१ दिवसांची, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांची. समजा पगार ८,००० दिरहम आणि त्यात मूळ वेतन ४,०००. दहा वर्षांचे २५५ दिवस होतात आणि हातात पडतात ३४,००० दिरहम. दिरहमला चोवीस रुपये धरले तर आठ लाख सोळा हजार. दहा वर्षांची ही पुंजी. तोच पगार सगळा मूळ वेतनात असता तर दुप्पट मिळाली असती. सही करण्याआधी हे गणित दहा मिनिटांत होते, पण भल्याभल्या गणिताच्या शिक्षकांनाही मी ते सही केल्यानंतर करताना पाहिले आहे.

पगारावर आयकर नाही हे खरे. २०१८ पासून खरेदीवर पाच टक्के व्हॅट आहे, तो तेवढा जाणवत नाही. जाणवते ते घरभाडे. म्हणून दुबईत शिकवणारे कितीतरी भारतीय शिक्षक शेजारच्या शारजात राहतात आणि पहाटे साडेपाचला शाळेच्या बससाठी रस्त्यावर उभे असतात. दिरहम डॉलरला बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की घरी पाठवलेले पैसे फुगतात. १९९५ च्या सुमारास दिरहमला नऊ-साडेनऊ रुपये येत. रुपया पडला की इथे अग्रलेख यायचे आणि आमच्याकडे मनी एक्स्चेंजपुढे रांग लागायची.

पगाराची आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही. एकाच वर्गाला, एकच विषय शिकवणाऱ्या दोघांचा पगार पासपोर्टवरून वेगळा असू शकतो. ब्रिटनहून आलेल्या नवख्या तरुणाला शाळेचे घर आणि भरभक्कम पगार, आणि पंधरा वर्षांच्या अनुभवाच्या आपल्या बाईंना त्याच्या निम्म्याच्या आसपास, ही उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. पालकांना जाहिरातीत जे चेहरे दाखवायचे त्यांची ही किंमत, असे एका मुख्याध्यापकांनीच मला गप्पांच्या ओघात सांगितले होते. माणूस सरळ होता, म्हणून बोलून गेला.

वर्गात शिरल्यावर मात्र हे सगळे मागे पडे. पहिल्याच महिन्यात सरकारी अरबी शाळेतून आलेला एक मुलगा माझ्या वर्गात बसला. त्याच्या वहीत पाच म्हणजे शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहाचा आकडा आपल्या इंग्रजी सातासारखा, सात म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर आणि आठ म्हणजे तेच अक्षर उलटे. त्यात समीकरण उजवीकडून डावीकडे. गंमत अशी की या अंकांना अरबीत ‘अर्काम हिंदिय्या’, म्हणजे हिंदी अंक म्हणतात. मी त्याला सांगितले की हे आमच्याकडचेच, फक्त वाटेत बदलले. फळ्यावर देवनागरी अंक लिहून दाखवले तेव्हा त्याने आपला तीन आणि माझा तीन शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि भलताच खूश झाला. त्यानंतर त्याचे गणित सुधारले असे म्हणणार नाही, पण तो रोज पुढच्या बाकावर बसू लागला.

अरबीत ‘प’ नाही. त्यामुळे पेन्सिल ‘बेन्सिल’ होते आणि पॅरलल ‘बॅरलल’. उलट त्यांच्या घशातून येणारे ‘ऐन’ आणि ‘हा’ मला सोळा वर्षांत साधले नाहीत, त्यामुळे वर्गात फिटंफाट असे. तिकडच्या बोलीत आपले शब्दही भेटतात. टॅक्सीवाल्याला सरळ जा म्हणायचे तर ‘सीदा’, आणि पंख्याला ‘बंका’. गृहपाठ उद्या आणशील ना, असे विचारले की उत्तर ‘इन्शाअल्ला’. संभाव्यता शिकवताना मी मुलांना विचारत असे, की या शब्दाचे मूल्य शून्य आणि एक यांच्यामध्ये नेमके कुठे धरायचे? सगळा वर्ग हसे, अमिराती मुले सर्वांत जास्त.

शिस्तीच्या काही गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. नकाशावर ‘अरबी आखात’च म्हणायचे, पर्शियन नाही. परिपाठाला त्यांचे राष्ट्रगीत. अरब नसलेल्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची, मुस्लिम मुलांना इस्लामचे शिक्षण. रमझानमध्ये शाळा पाच तासांवर येते. नऊ-दहा वर्षांची पोरे हट्टाने रोजा धरतात आणि शेवटच्या तासाला अपूर्णांक करताना त्यांचे डोळे मिटतात. तेव्हा शिक्षकाने काय करायचे हे कुठल्याच बी.एड.मध्ये शिकवलेले नसते. मी गोष्टी सांगायची. चांद्र वर्षामुळे रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मी गेले तेव्हा तो सप्टेंबर-ऑक्टोबरात होता. मधली काही वर्षे उन्हाळी सुट्टीत पडला आणि मी परतले त्या वर्षी एप्रिलमध्ये येऊन ठेपला होता.

सुट्टीचे वारही बदलले. २००६ च्या सप्टेंबरात साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली. २०२२ च्या जानेवारीपासून ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणजे मधली पंधरा वर्षे, तुम्ही रविवारी सकाळी चहाबरोबर ही पुरवणी उघडत होतात तेव्हा आम्ही शाळेत पळत होतो. सासूबाईंचा फोन नेमका तेव्हाच येई. ‘रविवारी कसली गं शाळा?’ हे त्यांनी शेवटपर्यंत विचारले.

दुबईत २००८ पासून शाळांची सरकारी तपासणी सुरू झाली. वरचा शेरा ‘उत्कृष्ट’, खालचा ‘कमकुवत’. फी किती वाढवता येईल हेही बरीच वर्षे या शेऱ्याशी बांधलेले होते. त्यामुळे तपासणीचे आठवडे म्हणजे घरी लग्न काढल्यासारखे. आणि पालक हे ग्राहक असल्यामुळे ‘माझ्या मुलाला बी कसा दिलात?’ याचे उत्तर तीन परिच्छेदांच्या पत्रातून द्यावे लागे. यातून शिक्षकाला नोंदी ठेवायची सवय लागते, ती मला पुढे उपयोगी पडली. पण कोणत्या मुलाला नापास करणे परवडेल, असा विचार एकदा मनात शिरला की तो लवकर निघत नाही.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते. तिकडे तुमचा राहण्याचा परवाना नोकरीला जोडलेला असतो. घर, मुलांच्या फीतली सवलत, आरोग्य विमा आणि कुटुंबाचा व्हिसाही त्याच खुंटीला. पूर्वी बायकोच्या नावावर नवऱ्याला व्हिसा मिळणे कठीण होते, शिक्षिका आणि डॉक्टर अशा मोजक्या पेशांना ती मुभा होती. २०१९ पासून पेशाऐवजी पगार पाहतात. त्यामुळे बाईंच्या व्हिसावर आलेले नवरे ही शाळेच्या फाटकाशी नेहमी दिसणारी जमात. सकाळी मुलांना सोडायचे, दिवसभर अर्ज करायचे, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी विचारले तर ‘सध्या सल्लागार म्हणून करतोय’ म्हणायचे. यात हसण्यासारखे काही नाही. त्या घरात चौघांचा मुक्काम एका बाईच्या सहीवर असतो.

ही खुंटी निखळते कशी ते दोनदा पाहिले. २००८-०९ च्या मंदीत बांधकामे थांबली आणि वर्षाच्या मध्येच बाक रिकामे व्हायला लागले. मुलगा गुरुवारी वर्गात होता आणि रविवारी नव्हता. वह्या तशाच कप्प्यात. दुसरी वेळ २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, शिकवणे पडद्यावर आले. पालकांच्या नोकऱ्या गेल्या, फी थकली आणि कित्येक शाळांनी शिक्षकांचे पगार कापले. तेव्हा आमच्याकडे व्हिसा रद्द झाला की महिनाभरात आवराआवर करावी लागे. आता ती मुदत वाढली आहे. दहा वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ निघाला आणि २०२४ मध्ये दुबईने तो निवडक शिक्षकांनाही देऊ केला. सुधारणा आहेत, पण सर्वसाधारण शिक्षिका आजही दोन वर्षांच्या कागदावरच उभी असते.

तरीही हे सांगायलाच हवे, की आपल्याला निदान परत यायला जागा आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून लाखावर भारतीय परत आणले. त्याच कुवेतमध्ये तेव्हा सुमारे चार लाख पॅलेस्टिनी होते. तिथल्या शाळा उभ्या करण्यात त्यांच्या शिक्षकांचा मोठा हात होता. १९९१ नंतर त्यांच्यातले काही दहा हजारच तिथे उरले. त्यांच्यासाठी कुठल्या देशाने विमाने पाठवायची?

माझ्याबरोबर अरबी शिकवणारी एक बाई त्या कुवेतमधलीच. तिचे वडीलही शिक्षक. तिच्याजवळ पासपोर्ट नव्हता; गाझाच्या पॅलेस्टिनींना इजिप्त देते तो प्रवासाचा दाखला होता, आणि तो दाखवून खुद्द इजिप्तमध्ये जायलाही व्हिसा लागतो. दर हिवाळ्यात पुढच्या वर्षीचे करार हातात पडत. आम्ही आकडा पाहायचो. ती तारीख पाहायची, मग पुन्हा एकदा पाहायची आणि सही करायची. तिच्या दोन्ही मुलांना मी शिकवले. ‘तू कुठला?’ असे कोणी विचारले की धाकटा इमारतीचे नाव सांगायचा.

जून २०२२ मध्ये आमचे सामान बांधायला ती आली होती. सोळा वर्षांचा संसार एकेचाळीस खोक्यांत मावला. खोक्यांवर मी पुण्याचा पत्ता लिहीत होते, तो ती वाचत होती. मग तिने विचारले, ‘तिथे तुला किती दिवस राहता येतं?’ मला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर म्हटले, ‘कितीही.’ तिने मान हलवली, चिकटपट्टीचे टोक दाताने तोडले आणि पुढचे खोके ओढून घेतले.