सुरकुती विकत घ्यावी का?

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं संगणकातल्या माणसांबद्दल काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रश्न जुनाच आहे : हुबेहूब म्हणजे काय? आता त्याला किंमत चिकटली आहे, एवढंच. आपल्या अमरावती-अकोल्याकडची जी मुलं ॲनिमेशन शिकतात, त्यांना 'डॅझ स्टुडिओ' ठाऊक असेल. त्यात तयार मानवी आकृती मिळते, साधी आकृती तर फुकट. मग दुकान सुरू होतं. कपाळावरच्या आठ्या, हातावरच्या फुगलेल्या शिरा, गळ्याच्या वळ्या यांचे 'एचडी' जोड निराळे पैसे मोजून घ्यायचे. घ्यावेत का?

एक उदाहरण धरू. 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. समजा, एखाद्या गावच्या मंडळानं त्यासाठी दोन मिनिटांची चित्रफीत मागितली. बाबा कीर्तनाला उभे आहेत, एवढंच दाखवायचंय. मुलाजवळ एकच संगणक आणि पैसे मोजके.

आधी हिशोब. ही आकृती म्हणजे बारीक चौकोनांची जाळी असते. 'जेनेसिस 8' या आकृतीत असे सुमारे 16 हजार चौकोन आहेत. एवढ्या विरळ जाळीत सुरकुती मावत नाही, म्हणून जाळी बारीक करायची. दर पायरीला एकाचे चार होतात : 64 हजार, 2 लाख 56 हजार, 10 लाख 24 हजार आणि चौथ्या पायरीला 40 लाख 96 हजार. एचडी जोडाचा बारकावा या वरच्या पायऱ्यांवर राहतो. तिथवर चढला नाहीत तर विकत घेतलेली सुरकुती दिसणारच नाही. पुष्कळ मुलं इथंच फसतात आणि जोड खराब आहे म्हणतात!

आता पडदा बघा. 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके. त्यात बाबा डोक्यापासून पायापर्यंत उभे केले, उंची 900 ठिपके आणि रुंदी सरासरी 250 धरली, तर त्यांच्या वाट्याला सव्वादोन लाख ठिपके आले. तिसऱ्या पायरीचे निम्मे चौकोन पाठीकडे गेले असं मानलं तरी समोर पाच लाख उरतात. एका ठिपक्यात दोन-दोन चौकोन! चौथ्या पायरीला नऊ. ते कोणाला दिसणार? आणि ही फीत लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवणार, तिथं ती आणखी दाबली जाते.

वेळही मोजा. सेकंदाला 24 चित्रं धरली तर दोन मिनिटांची 2,880 झाली. एका चित्राला एक मिनिट लागलं तर 48 तास. बारकाव्यापायी चार मिनिटं लागू लागली तर आठ दिवस, तेही वीज गेली नाही तर.

शिवाय स्वस्तातला एक उपाय आहे. 'नॉर्मल मॅप' नावाचं एक चित्र कातडीवर चढवतात. त्यानं जाळी जागची हलत नाही. उजेड कसा परतायचा तेवढं बदलतं, आणि डोळ्याला सुरकुती भासते. दोरीवरच्या सापाचीच गत, फक्त इथं भ्रम मुद्दाम केलेला. कडेनं पाहिलं, तर मात्र उघडं पडतं : कडा गुळगुळीतच राहते. पण दहा हात लांबच्या माणसाच्या गालाची कडा कोण तपासतो?

आता खरा मुद्दा. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचं चित्र काढून बसला आहे. चित्र इतकं जमलंय की चित्रातल्या भुंग्याला तो रागे भरतो. तरी त्याला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. काय राहिलं? कानावर खोवलेलं, गालापर्यंत केसर लोंबणारं शिरीषाचं फूल. कातडीचा पोत राहिला, असं तो म्हणत नाही. ज्या खुणेनं ती शकुंतला होते, ती खूण राहिली.

बाबांचं काय? डोक्यावर गाडगं, हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा पोशाख. एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटकी बांगडी, असं सांगतात. 1977 च्या 'देवकीनंदन गोपाला'त डॉ. श्रीराम लागूंचा चेहरा काही बाबांचा नव्हता. तरी प्रेक्षकांना बाबाच दिसले. ती कवडी कुठल्या दुकानात मिळायची नाही, ती स्वतःच घडवावी लागेल. माझ्या मते पहिले दोन दिवस तिच्यावर घालवा.

आणि एक अडचण आहे, ती पैशाची नाही. बाबांचे फोटो कृष्णधवल, जुने. त्यात कातडीची छिद्रं दिसत नाहीत. मग 'वृद्ध पुरुष' नावाचा जोड चढवला, की त्या सुरकुत्या कोणाच्या? कुठल्यातरी कलाकारानं कल्पिलेल्या भलत्याच म्हाताऱ्याच्या. काल्पनिक पात्राला त्या चालतील. होऊन गेलेल्या माणसाच्या तोंडावर मात्र प्रत्येक रेघ हे एक विधान असतं : 'ही इथं होती.' पुरावा नसलेलं विधान जितकं ठळक, तितकं ते अधिक खोटं. धूसर ठेवलेला गाल काही दावा करत नाही.

म्हणजे एचडी नकोच का? तसं नाही. अकोल्याकडच्या एखाद्या मुलीला कापूसवेचणीवर फीत करायची आहे, आणि पडदाभर फक्त वेचणारीचे हात आहेत. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, नखांच्या कडेला ओरखडे उठतात. तिथं पडद्याचे सगळे ठिपके हाताचे. गुळगुळीत हात दाखवला तर विषयच गेला. तिथं चौथी पायरी चढा. मात्र तयार जोडातले हात नुसते म्हातारे असतात, वेचणारीचे नसतात. तिला विचारून, तिच्या संमतीनं हाताचे फोटो घ्या आणि जोड त्यावरून दुरुस्त करा.

बाबांच्या फितीसाठी अगदी एकच जोड घ्यायचा तर कोणता, असं विचाराल. भावाबरोबर हलणाऱ्या सुरकुत्यांचा. जुन्या चित्रशास्त्राच्या सहा अंगांत 'सादृश्य' आणि 'भाव' ही वेगळी अंगं मोजली आहेत, ती उगीच नाही. कायम कोरलेली आठी हसतानाही तशीच राहते, रागावतानाही तशीच, आणि चेहरा मुखवट्यासारखा भिववतो. माणसासारखं पण पुरतं माणूस नसलेलं काही पाहिलं की अंगावर काटा येतो, हे जपानच्या मासाहिरो मोरी यांनी 1970 साली यंत्रमानवांबद्दल लिहून ठेवलंय. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, उत्तर काढून घेत. प्रश्न विचारताना भुवया वर जातात, तेव्हाच कपाळावर आठी उमटली पाहिजे, आणि लोकांचं उत्तर आलं की मावळली पाहिजे. एवढं तिसऱ्या पायरीवर होतं. मात्र कॅमेरा जवळ आणा, निदान त्या चार सेकंदांपुरता.