साखर तोडल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही

घरात कॅन्सरचं निदान झालं की स्वयंपाकघर पहिल्यांदा बदलतं. साखर बंद, भात बंद, दूधही बंद. कुणीतरी व्हिटॅमिनच्या बाटल्या आणून देतं. हे सगळं मायेपोटी होतं, म्हणून त्याला विरोध करणं जड जातं. पण यातल्या काही गोष्टींनी पेशंटचं नुकसान होतं, ते सांगायलाच हवं.

‘कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात. साखर तोडा, त्या उपाशी मरतील.’

यातलं पहिलं वाक्य निराधार नाही. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांना दिसलं, की गाठीच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढून घेतात आणि भरपूर ऑक्सिजन असतानाही त्याचं लॅक्टिक ॲसिड करतात. आजचा पेट स्कॅन याच सवयीचा फायदा घेतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. जिथे ते जास्त साठतं, तो भाग चित्रात उजळतो. पेशींची श्वसनयंत्रणा बिघडल्यामुळे कॅन्सर होतो, असं वारबुर्ग यांचं मत होतं. ते पुढे टिकलं नाही. बहुतेक गाठींमध्ये ही यंत्रणा चालू असते. दुभंगत राहणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच बांधकामाचा मालही लागतो, आणि तो ती ग्लुकोजमधूनही मिळवते.

दुसरं वाक्य मात्र चूक आहे. निरोगी माणसाच्या पाच लिटर रक्तात एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचा एक चमचा. ही पातळी सांभाळण्याचं काम यकृत करतं. तुम्ही खाल्लं नाही, तर ते आधी आपला साठा मोकळा करतं आणि मग स्नायूंतल्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं. गाठीला ते मिळतच राहतं, आणि वर तिला ग्लुटामिन आणि चरबीही चालते. झिजतात ते पेशंटचे दंड आणि मांड्या. वजन घसरलेल्या माणसाला केमोथेरपी सोसत नाही, डोस कमी करावे लागतात किंवा पुढे ढकलावे लागतात. म्हणून युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या मार्गदर्शक सूचना अशा पेशंटला रोज प्रत्येक किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं द्यायला सांगतात. खिचडी, अंडं, दही, पनीर, जे घशाखाली उतरेल ते. डायबेटिस असेल तर साखरेवर लक्ष हवंच, पण तो वेगळा हिशोब आहे.

साखरेचा कॅन्सरशी संबंध आहे, तो बऱ्याच आधीचा. वर्षानुवर्षांच्या जास्तीच्या खाण्याने वजन वाढतं. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी जोडला. पाळी गेल्यानंतर चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं, आणि स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढण्याचं ते एक मोठं कारण आहे. दारूचा कॅन्सरशी संबंधही असाच आधीचा. शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएला इजा करतं.

‘अशक्तपणा आहे, तर फोलिक ॲसिड, व्हिटॅमिन द्यायला काय हरकत आहे?’

फोलिक ॲसिडची कहाणी मुंबईतून जाते. १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स इथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमधला रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. पेशीला नवं डीएनए घडवायला ते लागतंच. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं दिल्यावर आजार बळावल्यासारखा वाटला. मग त्यांनी उलटा विचार केला: पेशीला फोलेट वापरूच द्यायचं नाही. त्यासाठीचं अमिनोप्टेरिन भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली कंपनीतल्या चमूने तयार केलं. १९४८ मध्ये फार्बर यांनी जाहीर केलं, की १६ पैकी १० मुलांना काही काळ आराम पडला. तोवर या मुलांसाठी कुणाच्या हाती काहीच नव्हतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे, आणि त्याच्या मोठ्या डोसनंतर फोलेटचा एक प्रकार डॉक्टर स्वतःच, घड्याळ लावून, निरोगी पेशी वाचवायला देतात. तिथे आपल्या मनाने घेतलेली शक्तीची गोळी औषधाच्या कामात लुडबुड करू शकते.

ल्युकेमियाच्या काही पेशींना ॲस्पॅरजिन हे अमिनो ॲसिड स्वतः पुरेसं बनवता येत नाही. ॲस्पॅरजिनेज हे औषध रक्तातलं ॲस्पॅरजिन मोडून टाकतं. उपाशी ठेवण्याची कल्पना इथे खरी ठरते, पण ती ताटातून साधत नाही. शरीर हे अमिनो ॲसिड स्वतःच बनवतं, ते पथ्याने कसं थांबणार?

व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी कॅन्सर टळतो, ही आशा तर मोठ्या चाचण्यांत पारखून झाली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढलेला २०११ मध्ये दिसला. गाजर खाण्यावर यातलं काहीच लागू होत नाही; प्रश्न गोळीतल्या मोठ्या मात्रेचा आहे.

‘अल्कलाइन’ पाण्याचं थोडक्यात सांगते. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात, पाणी तो बदलत नाही.

केमोच्या पुढच्या खेपेला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, काढे आणि पावडरी पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. महिन्याभरात वजन किती उतरलं तेही सांगा, आणि आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्या.